ऑप्स : समृद्धीच्या एका शब्दाची कुळकथा

१/ इ.स.पू. ४४. ज्युलिअस सीझरच्या हत्येनंतर रोममध्ये एका मंदिरातील खजिन्यावरून वादंग माजले. तेथील ७० कोटी सेस्टर्शिअस नाणी मार्क अँटनीने गिळंकृत केली, असा आरोप सिसेरोने केला. ते मंदिर होते ‘ऑप्स’ देवीचे. आणि लॅटिनमध्ये ‘ऑप्स’ म्हणजेच समृद्धी.

२/ ही देवी मुळात नाण्यांची नव्हे, धान्याची. २५ ऑगस्टला, सुगीचे धान्य कोठारात पडल्यावर, तिचा उत्सव होई. तिला साकडे घालताना भक्त भूमीला स्पर्श करीत.

३/ या शब्दाचा लॅटिनमधील गोतावळाही मोठा आहे. ‘ओपुलेन्तुस’ म्हणजे धनाढ्य, ‘इनॉप्स’ म्हणजे निर्धन आणि ‘कोपिया’ म्हणजे विपुलता.

४/ त्याचे आप्त पूर्वेकडेही आढळतात. ऋग्वेदात ‘अप्नस्’ हा शब्द धन, मिळकत या अर्थाने येतो. त्यापासूनचे विशेषण ‘अप्नस्वत्’. अवेस्तेच्या भाषेत त्याचेच भावंड ‘अफ्नह्वन्त्’, म्हणजे धनवान.

५/ सर्वांत जुना लेखी पुरावा तुर्कस्तानातील बोगाझकोयच्या मृत्तिकाफलकांवर मिळाला. बेडरिख ह्रोझ्नी यांनी १९१५ मध्ये त्यांवरील हित्ती भाषा उलगडली. तिच्यात श्रीमंताला ‘हप्पिनन्त’ म्हणत. लॅटिन व संस्कृतात लोपलेला आरंभीचा कंठ्य ध्वनी येथे टिकून आहे. असे काही ध्वनी मूळ भाषेत असावेत, हे फर्दिनां द सोस्यूर यांनी हित्ती वाचली जाण्यापूर्वीच, १८७९ मध्ये, केवळ तर्काने मांडले होते!

६/ आता अर्थाकडे. लॅटिन ‘ओपुस’ आणि वैदिक ‘अपस्’ या दोहोंचा अर्थ ‘कर्म’. अनेक भाषाशास्त्रज्ञ त्यांना ‘ऑप्स’चेच सगोत्र मानतात. आपल्या निघंटूतही कर्माच्या नामांत ‘अपस्’ आणि ‘अप्नस्’ शेजारी-शेजारी येतात. समृद्धी म्हणजे श्रमाचे फळ, ही जाण या शब्दकुळात खोल मुरलेली दिसते.

७/ हे कूळ मराठीतही पोहोचले आहे. ‘ओपुस’पासून घडलेला ‘ओफिकियुम’ हा शब्द इंग्रजीमार्गे ‘ऑफिस’ होऊन आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कोपिया’ला ‘नक्कल, प्रतिलेख’ असा अर्थ जडला आणि फ्रेंच व इंग्रजीतून तो शब्द ‘कॉपी’ बनून आपल्याकडे रुळला. श्रम चुकवण्यासाठी परीक्षेत केली जाते ती कॉपी. तिच्या नावात मात्र श्रमाने भरलेल्या कोठाराची आठवण दडलेली आहे.