वेगवान म्हणून सरस?

टर्मिनलवर राबणाऱ्यांत फझी फाइंडरचा, म्हणजे तुटक अक्षरांवरून यादीतली ओळ शोधणाऱ्या साधनाचा, विषय निघाला की पूर्वपक्ष ठरलेला असतो. स्किम रस्टमध्ये लिहिलेले, एफझेडवाय सी भाषेत. म्हणून ती वेगवान, आणि वेगवान म्हणून सरस. जुनगन चोई यांनी 2013 मध्ये रुबीत लिहिलेले आणि 2015 मध्ये गो भाषेत आणलेले एफझेडएफ केवळ सवयीने टिकून आहे, असेही वर ऐकवले जाते.

यातली पहिली पायरीच कच्ची. ही साधने मुळात पाइपमधून आलेल्या ओळी चाळतात. यादी बहुधा फाइंड किंवा एफडी ही आज्ञा बनवते. नोड-मॉड्यूल्सचा ढिगारा उपसण्यात वेळ जातो फाइंडचा आणि खापर फुटते चाळणाऱ्यावर. फाइंडच्या जागी एफडी लावा. गिट-इग्नोरमधले सारे ती आपणहून वगळते. काही हजार ओळींच्या यादीवर मग भाषेचा फरक डोळ्याला दिसतही नाही. लाखो ओळींवर दिसतो, हे मान्य; पण रोज लाखो ओळी चाळणारे कितीसे?

खरा भेद गुणांकनात आहे. ‘कथा/रविवार/कर’ या ओळीत ‘कर’ शोधा. (देवनागरीत फाइलींना नावे देणारे विरळाच, पण उदाहरणाला सोयीचे.) एफझेडएफची जुनी, व्ही-वन पद्धत पहिला ‘क’ आणि पुढचा पहिला ‘र’ धरून मोकळी होते, म्हणजे जुळणी ‘कथा/र’ एवढ्या पसरट तुकड्यावर. सध्याची पद्धत सगळ्या जुळण्या तोलते, सलग अक्षरांना आणि शब्दारंभाला जादा गुण देते, अंतराचे गुण कापते आणि शेवटचा ‘कर’ पकडते. तिचा पाया स्मिथ-वॉटरमन, म्हणजे 1981 मध्ये जैविक साखळ्या जुळवण्यासाठी मांडलेली रीत. एफझेडवायचे मोठेपणही अशाच गुणांकनात आहे. त्याचे भक्त मात्र सी भाषेचे गोडवे गातात!

शिवाय जुन्या आज्ञा शोधताना निकष बदलतो. तिथे आखूड ओळीपेक्षा ताजी ओळ वर हवी. एफझेडएफमध्ये त्यासाठी ‘हिस्टरी’ नावाची वेगळी स्कीम आहे, फाइलींच्या वाटांसाठी ‘पाथ’ आहे. वेगाच्या तक्त्यात या सोयींना रकानाच नसतो.

तेव्हा तुलना करायचीच तर आपल्याच यादीवर करा आणि हवी ती ओळ पहिल्या जागी यायला किती अक्षरे टंकावी लागली, तेवढे मोजा.