प्लेग, पिसवा आणि इंग्रजी अहवाल

आपल्याकडे प्लेगचा इतिहास रँडपाशी सुरू होतो आणि चाफेकरांपाशी संपतो. २२ जून १८९७ ही तारीख पाठ्यपुस्तकात असते. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या, हे मात्र माझ्या वर्गातल्या पोरांना वेगळे सांगावे लागते. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, असे सांगतात.

पण माझा सवाल निराळा आहे. हा रोग कसा पसरतो हे कोणाला केव्हा कळले, आणि ज्यांच्या घरात तो शिरला त्यांच्यापर्यंत ते ज्ञान पोचले काय?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या आरंभी साथरोग कायदा आला. म्हणजे कायदा आधी, ज्ञान मागाहून! झडत्या, चुना, सामानाची जाळपोळ, माणसे वेगळी काढणे, हे सारे रोग घाणीतून आणि माणसाच्या संसर्गातून येतो या समजुतीवर चालले होते. घाण आणि स्पर्श हे शब्द आमच्या वस्त्यांना नवे नव्हते. धर्मशास्त्राने जिकडे बोट दाखवले होते, तिकडेच आता सरकारी आरोग्यशास्त्रानेही दाखवले.

१८९८ मध्ये कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवले की, आजारी उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. सरकारच्या प्लेग कमिशनला ते पटले नाही. आणि गंमत अशी की, उंदीर पडू लागले की घर सोडावे हे अडाणी ठरवलेल्या माणसांना ठिकठिकाणी आधीच ठाऊक होते! त्यांना साक्षीदार मानावे असे कोणाला वाटले नाही.

पुढे १९०५ पासून नवे संशोधन मंडळ मुंबईत परळला कामाला लागले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले गेले. काहींच्या भोवती चिकट कागद पसरला. पिसवा त्याला चिकटल्या आणि ती जनावरे वाचली. इतका साधा पुरावा, कोणत्याही चाळीतल्या बाईला एका वाक्यात पटला असता. तो छापला गेला इंग्लंडातल्या ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये. घरे आमची, उंदीर आमचे, मढी आमची. अहवाल तेवढा परका.

घर रिकामे करणे हा उपाय चूक नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण शिपायाने हुसकावून काढणे आणि कारण कळल्यावर आपण होऊन निघणे, यात माणूस म्हणून फरक आहे. कारण कळलेला माणूस प्रश्नही विचारतो: धान्याची कोठारे आमच्या खोल्यांशेजारीच का? एका खोलीत दोन कुटुंबे का? राज्यकर्त्यांना हा प्रश्न नको असतो. म्हणून खाली येतो तो हुकूम, कारण वरच राहते.

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी महाराष्ट्रात हाच १८९७ चा कायदा लावला गेला. पत्रके या खेपेस मराठीत निघाली. हात धुवा, अंतर ठेवा. सार्वजनिक नळावर रांग लावणाऱ्या आणि दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण झोपणाऱ्या कुटुंबाने अंतर कोठून आणावे, याचे उत्तर त्या पत्रकांत नव्हते. ते ज्या शोधनिबंधांत शोधता आले असते ते इंग्रजीत होते, आणि ते आपल्या भाषेत आणणे हे कोणत्याही खात्याचे काम ठरलेले नव्हते.