ब्रेक

* ब्रेक : लेखकाचा रोख यवतमाळच्या दुर्गोत्सवातल्या डीजेकडे आहे. गाण्यात बाकीची वाद्यं थांबतात आणि काही सेकंद नुसता ड्रम उरतो, तो तुकडा म्हणजे ब्रेक. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३च्या सुमारास डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो लांबवू लागला. नाचणारे त्याचीच वाट पाहत असत. सॅम्पलर आल्यावर तेच काम बटणावर आलं. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला (१९७०) क्लाइड स्टबलफील्डचा ब्रेक असाच शेकडो गाण्यांत गेला. त्याची खुबी जोरकस ठोक्यांत नाही, त्यांच्या मधल्या, स्नेअरवर जेमतेम ऐकू येणाऱ्या टिचक्यांत आहे. लूप ओढ घेतो तो त्यांच्यामुळे. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांत नेमक्या त्याच बुडतात. रचनाकार म्हणून नाव ब्राउनचं, त्यामुळे या सॅम्पलची रॉयल्टी स्टबलफील्डला मिळत नव्हती. १९९७ साली त्याने स्वतःचा अल्बम काढला, ‘रिव्हेंज ऑफ द फंकी ड्रमर’. नावातच सगळा राग आला.

आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात वादक-गायकांचा हक्क १९९४च्या दुरुस्तीने आला. पण डफड्याचा लूप पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतो, तेव्हा वाजवणाऱ्याचं नाव फाइलवरही नसतं. लेखक यवतमाळच्या त्या डीजेला ‘कलाकार’ म्हणतो. माझ्या मते तो मान आधी डफडेवाल्याचा.
— संपादक