बाहत्तरच्या तळ्यावर

गेल्या डिसेंबरात चार दिवस फलटणला गेलो होतो. रविवारी पहाटे पाचला काकांनी उठवलं. "चल, उशीर केलास तर तळ्यावर फक्त म्हशी दिसतील." दुर्बीण, थर्मासमध्ये चहा, काकूने बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा घेऊन ताथवड्याच्या दिशेने निघालो. मोटारसायकलवर थंडी अशी झोंबत होती की विचारू नका!

तळं म्हणजे साधा पाझर तलाव. मागे संतोषगडाची काळी रेघ, पाण्यावर धुकं. आधी नुसते आवाज आले... मग उजाडलं तशी चक्रवाकाची जोडी दिसली, पलीकडे थापट्या बदकं, चिखलात शेपटी हलवत धोबी. चक्रवाक वीण करतात लडाख-तिबेटात, हिवाळ्याला येतात इकडे. मी मान वर करून बघत होतो आणि काका खाली, बांधाकडे.

"या बांधावर आईनं पाट्या वाहिल्यात. मी तिकडं बाभळीला झोळीत."

आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली हे माहीत होतं. ते काम म्हणजे हे तळं, हे मात्र कुणी बोललं नव्हतं. 1972 साली पाऊस गेला, तेव्हा सरकारने गावोगाव रस्ते, नालाबांध, पाझर तलाव काढले. बाहेरून आलेली लाल मिलो आणि सुकडी खाऊन माणसं जगली. रोजगार हमीचं मूळ यातच. शंभर वर्षं आधीही तेच! 1876-78 च्या दुष्काळात माण-आटपाडीच्या सीमेवरचा म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा, मोठा तलाव असाच पोटासाठी खणायला घेतला होता. आज तिथेही पक्षी बघायला लोक जातात. आपल्याकडची कितीतरी 'पक्ष्यांची तळी' भुकेल्या माणसांनी खणलेली आहेत.

तर पुढे माळावर गेलो. नीरा उजव्या कालव्याने फलटणचा उत्तर भाग उसाने हिरवा केला, साखरवाडीला कारखाना आला. दक्षिणेला कालवा नव्हता, म्हणून हे गवत उरलं. दोन धाविक तुरुतुरु पळाले, थांबले की दगडासारखे दिसेनासे! एक भोवत्या गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत होता. हा शिकारी पक्षी मध्य आशियातून येतो, टोळ खातो आणि रात्री झाड सोडून जमिनीवर गवतातच झोपतो. कागदोपत्री मात्र असली जमीन 'पडीक'. मग तिच्यावर झाडं लावा, नाहीतर नांगर घाला.

आता धोम-बलकवडीचं पाणी फलटणच्या दक्षिण भागात आलंय. ऊस वाढेल, गवत कमी होईल. मी जरा हळहळलो तर काका फटकन म्हणाले, "तुला धाविक पाहिजे, मला पाणी पाहिजे." मला उत्तर सुचलं नाही. खरं तर अजूनही सुचलेलं नाही. निदान गुरं चरतात तेवढा माळ तरी नांगराविना ठेवावा असं वाटतं, पण ज्याची जमीन त्यालाच हे पुण्याहून येऊन कसं सांगायचं?

असो. दुपारी घरी आलो. आजी ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी उत्साहाने चक्रवाकाचं सांगायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं, शेंग फोडली आणि विचारलं,

"बांध बरा हाय न्हवं? पाणी किती हाय?"