बाटलीतले पौरुष : एका अर्काचा इतिहास

१ जून १८८९. पॅरिसमधील जीवशास्त्र मंडळाच्या सभेत बहात्तर वर्षांचे एक प्राध्यापक बोलण्यास उभे राहिले. शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार हे नाव त्या काळी युरोपभर आदराने घेतले जाई. जन्म मॉरिशसचा, मज्जारज्जूवरील संशोधनासाठी ख्यातकीर्त. त्या दिवशी त्यांनी जे सांगितले, ते ऐकून श्रोते काहीसे अवघडले. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क काढून तो त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता, आणि आपण पुन्हा तरुण झालो आहोत असा त्यांचा दावा होता.

दावा नुसता तोंडी नव्हता. हाताच्या पकडीची ताकद त्यांनी यंत्राने मोजली होती. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, जिना धावत चढता येऊ लागला, याच्या नोंदी होत्या. लघवीची धार किती लांब जाते, हेसुद्धा मोजलेले होते! आकडे प्रामाणिक होते. अडचण वेगळीच होती.

अर्क पाण्यात काढलेला होता. वृषणातील संप्रेरक स्निग्ध पदार्थात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. शिवाय वृषण ते तयार करून लगेच रक्तात सोडते, साठवून ठेवत नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ब्राऊन-सेकार यांच्याच कृतीने अर्क काढून पाहिला. त्यात संप्रेरकाचे प्रमाण इतके नगण्य निघाले की शरीरावर परिणाम होणे शक्यच नव्हते. मग पकडीची ताकद वाढली कशाने? आशेने.

त्यांची मूळ कल्पना मात्र चुकीची नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी, १८४९ मध्ये, जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला होता. ज्यांचे वृषण काढून टाकले, त्यांचा तुरा फिका पडला, आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा रोवले, ते ऐटबाज कोंबडे झाले. तोडलेल्या मज्जातंतूंचा येथे काही संबंध उरला नव्हता. म्हणजे वृषणातून काहीतरी रक्तात जात होते. हा निबंध पुढे अर्धशतक जवळजवळ विस्मृतीत पडून राहिला.

ब्राऊन-सेकार यांचा अर्क मात्र त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पोहोचला. ऑगस्ट १८८९ मध्ये पिट्सबर्गच्या संघातील पड गॅल्विन या बत्तीस वर्षांच्या बेसबॉलपटूने तो टोचून घेतला. त्यानंतर त्याने सामना जिंकला आणि वृत्तपत्राने श्रेय अर्काला दिले. लपवाछपवी काहीच नव्हती. त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही.

१८९६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओस्कार त्सोट आणि फ्रित्स प्रेगल यांनी बैलाच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून मधल्या बोटाची कार्यक्षमता मोजली. बोट अधिक काळ थकत नाही, असा निष्कर्ष काढून त्सोट यांनी सुचवले की, खेळाडूंच्या सरावात हा प्रयोग करून पाहावा. या प्रेगल यांनाच पुढे १९२३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, अर्थात अगदी वेगळ्या कामासाठी.

१९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे एर्न्स्ट लाकर यांच्या चमूने बैलांच्या वृषणांतून शुद्ध संप्रेरक वेगळे केले आणि त्याला टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत घडवले. इतिहासाच्या पुस्तकांत हे वर्ष ठळक अक्षरांत असते. त्याआधीची १९३२ ची नोंद मात्र सहसा कोणी वाचत नाही, आणि तरुण खेळाडूच्या दृष्टीने खरी महत्त्वाची तीच आहे.

शिकागो विद्यापीठातील कार्ल मूर आणि डोरोथी प्राइस यांना एक कोडे पडले होते. धडधाकट नर उंदरांना वृषणाचे संप्रेरक टोचले, तर त्यांचे स्वतःचे वृषण बलवान होण्याऐवजी खालावत होते. दोघांनी उत्तर शोधले ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीत. ही ग्रंथी वृषणाला काम करण्याचा आदेश देते. रक्तात संप्रेरक पुरेसे दिसले की आदेश थांबवते. घरावरच्या टाकीत पाणी भरले की तरंगता चेंडू नळ बंद करतो, तसेच हे. बाहेरून बादलीभर पाणी ओतले तर नळ बंदच राहणार. टेस्टोस्टेरॉन बाटलीत येण्याच्या तीन वर्षे आधीच त्याचा धोका छापून आलेला होता.

पुढचा अंक व्यायामशाळेत घडला. १९५४ च्या व्हिएन्ना येथील जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत अमेरिकन संघाचे डॉक्टर जॉन झिग्लर यांना सोव्हिएत खेळाडू टेस्टोस्टेरॉन घेतात असे कळले. १९५८ मध्ये सिबा कंपनीने डायनाबॉल ही गोळी बाजारात आणली आणि झिग्लर यांनी ती पेनसिल्व्हेनियातील यॉर्कच्या मोजक्या वेटलिफ्टरांना अल्प प्रमाणात दिली. बिल मार्च, लू रीकी यांचे आकडे झपाट्याने चढले.

यॉर्कचे सर्वेसर्वा होते बॉब हॉफमन. वजनांचा कारखाना त्यांचा, मासिक त्यांचे, प्रथिनांच्या भुकटीचा धंदाही त्यांचाच. मासिकाने या यशाचे गुपित सांगितले ते आयसोमेट्रिक व्यायामाचे, म्हणजे न हलणाऱ्या दांड्यावर जोर लावण्याचे. आणि त्यासाठीची चौकटही विकायला काढली. गोळीचा उल्लेख नव्हता. गावोगावच्या पोरांनी चौकट घेतली, भुकटी घेतली, आणि आपला दंड तसा का फुगत नाही म्हणून स्वतःलाच दोष दिला. आजच्या पूरक आहाराच्या बाजाराचे मूळ शोधायचे तर ते येथे सापडते : ताकद एकाची, श्रेय दुसऱ्याला, विक्री तिसऱ्याची. इकडे वेटलिफ्टर ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक गोळ्या खाऊ लागले. झिग्लर यांनी हात झटकले आणि पुढे उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

हीच कहाणी पुढे एका ओळखीच्या वनस्पतीच्या वाट्याला आली. महाराष्ट्राच्या माळरानावर अनवाणी चालणाऱ्याला आणि सायकलच्या ट्यूबला सराटा ठाऊक असतोच. आयुर्वेदात हाच गोखरू, मूत्रल म्हणून प्रसिद्ध. बल्गेरियात याच्या अर्काचे औषध निघाले आणि तिथल्या वेटलिफ्टरांच्या पदकांचे श्रेय जाहिरातींनी त्याला बहाल केले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मात्र दोन बल्गेरियन विजेत्यांची सुवर्णपदके प्रयोगशाळेत बनलेल्या एका मूत्रल औषधामुळे काढून घेतली गेली आणि त्यांचा संघ स्पर्धा सोडून परतला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील २२ अव्वल रग्बी लीग खेळाडूंवरील पाच आठवड्यांच्या चाचणीचा अहवाल आला : सराट्याच्या गोळ्या घेणारे आणि खोट्या गोळ्या घेणारे, दोघांचीही ताकद सारखीच वाढली. वाढवली ती सरावाने.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने अशा पदार्थांना विक्रीपूर्वी गुण सिद्ध करण्यातून मोकळीक दिली. १९९८ मध्ये ७० होमरनचा विक्रम करणाऱ्या मार्क मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली आणि तिचा खप उसळला. पुढच्याच वर्षी आयोवातील संशोधकांनी १९ ते २९ वयाच्या निरोगी तरुणांना व्यायामासोबत आठ आठवडे तोच पदार्थ दिला. टेस्टोस्टेरॉन वाढले नाही, ताकदीत फरक पडला नाही. वाढले ते इस्ट्रोजेन, ज्याला लोक स्त्री-संप्रेरक म्हणतात. पौरुषासाठी पैसे मोजणाऱ्या मुलांच्या पदरी हे पडले!

२०११ मध्ये शिकागो विद्यापीठातूनच, जेथे मूर आणि प्राइस यांनी उंदीर तपासले होते तेथूनच, आणखी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले.