जिंतूरच्या हातगाड्यावर जपान आणि पेरू

रीलमध्ये एक लांबट पांढरी बशी दिसते. तिच्यात कच्च्या माशाचे पातळ काप, त्यावर पिवळ्या मिरचीचा रस, लिंबू आणि मक्याचे चार टपोरे दाणे. खाली लिहिलेलं असतं, ‘निक्केई’. म्हणजे जपानी आणि पेरू देशातल्या जेवणाचा मेळ. शेअर बाजाराच्या बातम्यांत ऐकू येतो तो निक्केई वेगळा. या निक्केईचा अर्थ आहे जपानबाहेर स्थायिक झालेली जपानी वंशाची माणसं.

परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरमध्ये असलं हॉटेल शोधू नका. पण संध्याकाळी तालुक्याच्या कुठल्याही गावात लागतो तसा चायनीजचा हातगाडा इथेही लागतो. मोठ्या आचेवर काळी कढई, लाल रंगाचा भात, पत्ताकोबीचं मंचुरियन, बाजूला सोया सॉस, चिली सॉस आणि टोमॅटो सॉसच्या बाटल्या. या गाड्यावर काय काय आहे ते एकेक करून पाहिलं, तर रीलमधल्या त्या बशीची आणि या प्लेटची सोयरीक निघते.

आधी पेरू

मिरचीपासून सुरू करू. मिरचीच्या रानटी पूर्वजांचं घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या आसपास. टोमॅटोचे रानटी भाऊबंद आजही पेरू आणि इक्वेडोरमध्ये उगवतात. बटाटा तर पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी शेतात आला. मंचुरियनला चिकटपणा आणणारं कॉर्नफ्लोअर मक्याचं, आणि मकाही अमेरिकेतलाच. १९८७मध्ये पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर सिपान इथे एका प्राचीन राजाची कबर सापडली. त्याच्या अंगावरच्या दागिन्यांत सोन्याचांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. आपण बसस्टँडवर कागदाच्या पुडीत घेतो ती शेंग तिथे राजाच्या गळ्यात होती.

ही सगळी पिकं कोलंबसाच्या १४९२च्या सफरीनंतर समुद्रमार्गे फिरली आणि आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगिजांबरोबर आली. ‘बटाटा’ हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला. बाजारात टोपलीत मिळणारा पेरूही मूळचा अमेरिकेतला, आणि त्याच्या नावाचा धागाही पोर्तुगिजांपर्यंत जातो. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी आणि पिंपळी यांचा होता. मिरचीला नाव देतानाही आपण मिरीचाच आधार घेतला.

आता आषाढीच्या उपवासाचं ताट आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्या बाजारात येणारा साबुदाणा बराचसा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची यांचंही मूळ तिकडचंच. ज्या दिवशी आपण सोवळ्यात काटेकोर असतो, त्याच दिवशी ताटात पेरूचा शेजार सगळ्यात जास्त असतो. भाकरीबरोबरचा भुरका घ्या किंवा शेंगदाण्याची चटणी, त्यांना परकं म्हणायची हिंमत मराठवाड्यात कोणी करणार नाही.

मग जपान

चिनी गाड्यावर जपान कसा? फोडणीनंतर टाकली जाणारी ती चिमूटभर पांढरी पूड आठवा. तिला सगळे अजिनोमोटो म्हणतात. १९०८मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातली चव कशामुळे येते याचा शोध घेतला आणि ग्लुटामेट वेगळं काढलं. या चवीला त्यांनी ‘उमामी’ म्हटलं. पुढच्याच वर्षी ती पूड ‘अजिनोमोतो’ या नावाने बाजारात आली. अर्थ, चवीचं सार. जपानीत ‘अजि’ म्हणजे चव. पेरूच्या स्पॅनिशमध्ये मिरचीला ‘अही’ म्हणतात. रोमन लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरं एकच आहेत. भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आपल्या गाड्यावर हे दोन्ही शब्द एकाच कढईत पडतात.

बशीच्या मागची माणसं

निक्केई जेवणाचा जन्म महागड्या हॉटेलात झाला नाही. १८९९मध्ये ‘साकुरा मारू’ या जहाजातून ७९० जपानी पुरुष पेरूच्या काय्याओ बंदरात उतरले. साखरेच्या मळ्यांवर चार वर्षांच्या कराराने काम करायला ते आले होते. त्यांच्या आधी, १८४९पासून, तेच काम चिनी मजुरांकडून करून घेतलं जात होतं. मळ्यांवर आजारपण, अपुरी मजुरी आणि मुकादमाचा जाच होता. अनेक जण मेले, अनेक जण पळाले. जे वाचले ते लिमा शहरात आले आणि न्हाव्याची दुकानं, किराणा, छोट्या खानावळी चालवू लागले.

खानावळीत गिऱ्हाईक पेरूचं आणि हात जपानी. पेरूमध्ये लिंबाच्या रसात मासा मुरवून ‘सेविचे’ करायची पद्धत होती, पण तो तासन् तास मुरवत. ताज्या माशाची पारख असलेल्या जपानी हातांनी तो वेळ काही मिनिटांवर आणला. साशिमीसारखे पातळ काप करून त्यावर मिरचीचा रस ओतला, त्याला ‘तिरादितो’ म्हणतात. पुढे १९७३मध्ये नोबुयुकी मात्सुहिसा नावाचा तरुण आचारी जपानहून लिमाला आला, तिथे ही चव शिकला आणि नंतर ‘नोबु’ या नावाने ती जगभर नेली. २०२५मध्ये जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं नाव लिमाच्या ‘माइदो’चं होतं, म्हणजे निक्केई जेवणाच्याच हॉटेलाचं. मळ्यावरच्या मजुरापासून या यादीपर्यंत सव्वाशे वर्षं लागली.

करार, साखर, मुकादम हे शब्द जिंतूरला समजावून सांगावे लागत नाहीत. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या जोड्या मुकादमाकडून उचल घेऊनच गाडीत बसतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातली मराठी माणसंही कराराने मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेली, आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. साखर जिथे गेली तिथे तिने माणसं ओढून नेली, आणि माणसांनी आपली चव बरोबर नेली.

भारतातल्या चिनी जेवणाची सुरुवातही साखरेपाशीच जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टाँग अछ्यू नावाचा चिनी माणूस कलकत्त्याजवळ आला आणि त्याने तिथे साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अछिपूर म्हणतात. पुढे हाक्का चिनी लोक कलकत्त्यात चामड्याच्या धंद्यात स्थिरावले. गाड्यावरच्या फलकावरचं ‘हाक्का नूडल्स’ हे नाव त्यांचंच. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले. १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन मागितलं, तेव्हा त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस व कॉर्नफ्लोअर घातलं. मंचुरियनची ही जन्मकथा त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. चीनच्या मंचुरियात असा पदार्थ नाही. आता मात्र तो मराठवाड्यातल्या लग्नाच्या पंगतीत जिलेबीशेजारी असतो.

चव ठेवली, माणूस हाकलला

या दोन्ही जेवणांच्या इतिहासात एक पान आहे, ते कुठल्याच मेन्यूवर छापत नाहीत.

मे १९४०मध्ये लिमात जपानी दुकानांवर हल्ले झाले, लूटमार झाली. दुसऱ्या महायुद्धात पेरूने सुमारे १,८०० जपानी वंशाच्या माणसांना पकडून अमेरिकेच्या स्वाधीन केलं. टेक्साससारख्या ठिकाणी त्यांना छावण्यांत ठेवलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. गुन्हा काही शाबीत झाला नव्हता. युद्ध संपल्यावर पेरूने त्यातल्या बहुतेकांना परत घेतलं नाही. २०११मध्ये पेरूच्या राष्ट्राध्यक्षांनी याबद्दल माफी मागितली.

आपल्याकडे १९६२ साली चीनशी युद्ध झालं. त्या नोव्हेंबरपासून आसाम, बंगालकडच्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या रहिवाशांना उचलून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेलं. कित्येकांचा जन्म इथलाच होता, चीन त्यांनी पाहिलेलाही नव्हता. काहींना काही वर्षं तिथे काढावी लागली. सुटून आले तेव्हा घरं, दुकानं गेलेली होती. अनेकांनी देश सोडला. भारत सरकारने त्यांची माफी अजून मागितलेली नाही.

त्या युद्धानंतर तेरा वर्षांनी मंचुरियन जन्मलं आणि ते देशभर पसरलं. चिनी जेवण आपल्याला एवढं आवडलं की तालुक्यातालुक्यात गाडे उभे राहिले, पण ज्यांच्या हातून ते आलं त्यांची वस्ती ओसरत गेली. सीमेवर तणाव झाला की ‘चायनीज खाऊ नका’ अशी हाक देणारे निघतात. त्या गाड्यावर कढई हलवणारा मात्र शहरातल्या एखाद्या हॉटेलात भांडी घासत काम शिकलेला आपल्याच गावचा पोरगा असतो.

बाटली आणि शेत

शेवटी सोया सॉसची बाटली. तिची कहाणी दूरची वाटते, पण ती जिंतूरच्या शिवारातच येऊन थांबते. सोयाबीन हे पूर्व आशियातलं पीक. चीन, जपानमध्ये ते शेकडो वर्षांपासून माणसाच्या ताटात आहे. टोफू त्याचा, मिसो त्याचा. सॉससाठी सोयाबीन आणि गहू बुरशीने आंबवून मिठाच्या पाण्यात कित्येक महिने ठेवतात. गाड्यावरच्या स्वस्त बाटलीचा काळा रंग मात्र बहुधा कॅरॅमलचा असतो.

मराठवाड्यात हे पीक गेल्या काही दशकांत खरिपाच्या ज्वारीची जागा घेत पसरलं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एमएयूएस ७१’सारखे वाण दिले. आज पावसाळ्यात जिंतूर तालुक्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसतं. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. तेल पिशवीत भरून परत येतं, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि परदेशी जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात सोयाबीन म्हणून ते क्वचितच येतं. २०२४-२५च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात अनेकांना त्याहून कमी भावात माल द्यावा लागला.

म्हणजे मिरची पेरूकडची, पूड जपानची, नाव चीनचं, सोयाबीन आपल्या शेतातलं. लिमातल्या खानावळीने असाच मेळ घातला आणि जगाने त्याला मान दिला. आपल्या गाड्याला मान देण्यासाठी यादीत पहिला नंबर लागायची गरज नाही. प्लेट हातात घेताना ती कोणाकोणाच्या घामातून, कोणाच्या उखडलेल्या घरातून आणि कोणाच्या पडलेल्या भावातून आली आहे, एवढं ठाऊक असलं तरी पुरे. मग तिखट जास्त झालं, तर पेरूच्या नावाने खुशाल बोटं मोडा.