विस व रामीन

विस व रामीन हे फख्रुद्दीन असद गुर्गानी या कवीने अकराव्या शतकाच्या मध्यास रचलेले फारसी प्रणयकाव्य आहे. सुमारे ९,००० द्विपदींच्या या काव्याची कथा मूळची इस्लामपूर्व पार्थियन काळातील मानली जाते. निजामीच्या 'खुस्रो व शिरीन' या काव्यावर त्याचा प्रभाव आढळतो.

कथानक

मर्वचा वृद्ध राजा मोबाद याला विस तिच्या जन्मापूर्वीच वाग्दत्त केलेली असते. पुढे ती मोबादचा धाकटा भाऊ रामीन याच्या प्रेमात पडते. दाईच्या साहाय्याने दोघे भेटत राहतात. रानडुकराच्या हल्ल्यात मोबादचा मृत्यू झाल्यावर रामीन राजा होतो.

भाषांतरे

बाराव्या शतकात 'विस्रामियानी' हे जॉर्जियन गद्य भाषांतर झाले. ते मुळाला धरून असून, उपलब्ध फारसी हस्तलिखितांहून जुन्या पाठावर आधारलेले आहे. फारसी संहिता १८६५ मध्ये कोलकाता येथे प्रथम छापली गेली. मात्र हस्तलिखिते थोडी व सदोष असल्याने अनेक ठिकाणी पाठ संदिग्ध राहिला. मगाली तोदुआ व अलेक्सांदर ग्वाखारिया यांनी १९७० च्या तेहरान आवृत्तीत जॉर्जियन भाषांतराच्या आधारे पाठशुद्धी केली. अशा प्रकारे भाषांतर हेच मूळ काव्याच्या संपादनाचे साधन ठरले. इंग्रजीत जॉर्ज मॉरिसन यांचे गद्य (१९७२) व डिक डेव्हिस यांचे पद्य भाषांतर (२००८) उपलब्ध आहे.